क्रूझच्या खासगी बेटावरचा दिवस: वॉटर पार्कचा पास, कबाना की मोकळा किनारा?

उन्हाळ्याच्या सुट्टीत अमेरिकेला मुलाकडे नाहीतर भावाकडे जाणारी घरं आता धुळे, अमळनेर, जळगाव, भुसावळ सगळीकडे आहेत. गेलेल्यांना तिथली मंडळी मायामीहून किंवा पोर्ट कॅनव्हेरलहून तीन-चार रात्रींची बहामाची क्रूझ हमखास घडवतात. जहाजावर काय करायचं ते फार ठरवावं लागत नाही. जेवण, खेळ, कार्यक्रम सगळं समोर येत राहतं. घोळ होतो तो एकाच दिवसाचा, जहाज कंपनीच्या खासगी बेटाला लागतं त्या दिवसाचा. तिकीट काढल्यापासून ॲपवर वॉटर पार्कचे पास, कबाना (किनाऱ्यावरची भाड्याची सावलीची खोपी), बीच क्लब, स्नॉर्कलिंग (तोंडात नळी धरून पाण्याखालचं बघणं) दिसू लागतं. दर वरखाली होत राहतात आणि आता घेतलं नाही तर संपेल, असं वाटायला लागतं. आमचा धाकटा भाऊ फ्लोरिडात असतो. त्याच्यामुळे आम्हाला हा दिवस पास काढूनही घालवता आला आणि पासाशिवायही. ज्यांचं अजून ठरायचंय त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

आधी बेट कोणतं ते बघा, निम्मा निर्णय तिथेच होतो. क्रूझ कंपनीने स्वतःचं बेट घ्यायची पद्धत नॉर्वेजियनने 1977 मध्ये ग्रेट स्टिरप के घेतलं तेव्हापासूनची (के म्हणजे छोटं बेट). हॉलंड अमेरिकाने 1996 मध्ये लिटल सॅन साल्वाडोर घेतलं आणि त्याचं हाफ मून के केलं. अर्ध्या चंद्रासारखा वळलेला लांबलचक पांढरा किनारा हीच तिथली मोठी गोष्ट. डिस्नेचं कास्टअवे के 1998 पासून आहे, तिथे मोठ्यांचा किनारा वेगळा आणि कुटुंबांचा वेगळा. एमएससीचं ओशन के तर पूर्वी समुद्रातली वाळू काढायची जागा होती. ती साफसूफ करून 2019 मध्ये पर्यटकांसाठी उघडली. यांतली बहुतेक बेटं मुळात किनाऱ्यासाठी आहेत. तिथे जायचं असेल तर माझ्या मते फार डोकं लावायची गरज नाही. एखादी स्नॉर्कलिंगची सफर आवडली तर घ्यावी, नाहीतर पाण्यात बसावं.

खरा प्रश्न वॉटर पार्कवाल्या बेटांचा. रॉयल कॅरिबियनने लिटल स्टिरप के या बेटावर 25 कोटी डॉलर खर्चायचं ठरवलं आणि 2019 च्या मे महिन्यात ते नव्या रूपात उघडलं. कोकोके म्हणून ते आता सगळ्यांना माहीत आहे. तिथली सर्वांत उंच घसरगुंडी 135 फुटांची आहे, आणि उघडलं तेव्हा हेलियमचा फुगा माणसांना साडेचारशे फुटांपर्यंत वर न्यायचा. त्यानंतर बाकीच्या कंपन्याही त्याच वाटेने निघाल्या. अशा बेटावर एकाच दिवसात दोन वेगळी जगं असतात, पास लागणारं आणि न लागणारं. आम्ही कुठल्या बेटावर काय केलं त्याची नावं मी घेत नाही, कारण माझा मुद्दा कोणा एका कंपनीचा नाही.

वॉटर पार्कबद्दल आधी चांगलं बोलतो, कारण ते खरंच चांगलं असतं. घरात दहा ते अठरा वयाची मुलं असतील तर त्यांच्या आनंदाला तोड नाही. आमच्या पुतण्याने एका घसरगुंडीवर इतके फेरे मारले की दुपारी त्याला जेवायला ओढून आणावं लागलं. लाटांचा तलाव मोठ्यांनाही आवडतो. पास काढायचा असेल तर सकाळी जहाज लागताच उतरा. पहिल्या तासा-दीड तासात रांगा जवळपास नसतात, अकरानंतर वाढतात. दोन मोठी जहाजं एकाच दिवशी लागली तर बेटावर दहा हजारांच्या आसपास माणसं उतरू शकतात. मग जिन्यावर उन्हात उभं राहण्यातच दिवस जातो. आपली मंडळी मे-जूनमध्ये जातात, तेव्हा तिकडे दुपारी ढग भरून येऊन गडगडाट होणं नेहमीचं असतं. वीज चमकली की घसरगुंड्या बंद करतात, म्हणून पासाचा सगळा वसूल सकाळीच करून घ्यावा. आणखी एक गोष्ट, मोठ्या घसरगुंड्यांना उंचीची अट असते, साधारण 48 इंच. निघण्याआधी घरीच दाराच्या चौकटीला लेकरू उभं करून मोजून घ्या. तिथे जाऊन रडारड नको.

आता मला जे खटकलं ते.

अशा पार्कला दरवाजा असतो आणि दरवाजातून आत जाणाऱ्या जवळपास प्रत्येकाला पास लागतो. घसरणार असो वा नसो, नुसतं बाकावर बसून नातवंडं बघायची असली तरी लागतो. व्यवस्था चालवणाऱ्यांचं त्यात चूक आहे असं मी म्हणणार नाही. पण आपलं घर कसं निघतं ते आठवा. सात-आठ माणसं असतात, त्यांतली चार पाण्यात उड्या मारणारी. बाकीच्यांत एखाद्याचा गुडघा धरलेला, एखाद्याला पाण्याची भीती, आणि एक कायम पिशव्या सांभाळणारं. प्रत्येकी पासाचा आकडा रुपयांत करून पाहिला की घरातलं कोणीतरी म्हणतंच, ‘आम्ही कशाला, पोरं जाऊ द्या.’ आमच्याकडे हे माय म्हणाली. ‘तुम्ही जा, मी आठेच बसस.’

आणि ती बसली. दरवाजाबाहेर, चपला, चष्मे, मोबाइल, टॉवेल, सगळ्यांच्या पिशव्या घेऊन. नाना सोबतीला थांबले. आत पोरं काय करतायत ते तिथून दिसत नव्हतं, नुसता आरडाओरडा ऐकू येत होता. समुद्रही त्या बाजूला नव्हता. मी दर अर्ध्या तासाने बाहेर येऊन बघून जायचो, म्हणजे माझंही धड आत मन नाही आणि धड बाहेर नाही. लॉकर भाड्याने मिळतो, तो घेता येतो. पण सामान लॉकरमध्ये गेलं तरी माणूस बाहेरच राहतं. मायला काही वाटलं नाही, ती तसं म्हणालीही. तिने आयुष्यभर हेच केलंय. प्रकाशाला तापीच्या घाटावर, उनपदेवच्या गरम कुंडावर, तोरणमाळला तलावाकाठी, सगळीकडे सगळ्यांचे कपडे मांडीवर घेऊन बसणारी तीच. सत्तरीच्या पुढे पहिल्यांदा समुद्र बघायला इतक्या लांब आलेल्या बाईने तिथेही दाराबाहेर पिशव्या राखाव्यात, हे मला सहन झालं नाही. पुढच्या वेळी पासांचा विषय निघाला तेव्हा मी एवढंच विचारलं की बाहेर कोण बसणार. विषय तिथेच मिटला.

मोकळ्या किनाऱ्यावरही पिशव्या राखायला कोणीतरी लागतंच. फरक असा की ते माणूस पाण्यापासून दहा पावलांवर बसलेलं असतं. पोरं समोर दिसतात, हाक मारली तर ऐकू जाते, आणि मनात आलं की उठून पाय बुडवून येता येतं. आम्ही पाळी लावली होती. मी बसलो, मग बायको, मग भावजय. मायची पाळी आलीच नाही.

कपड्यांचा मुद्दा बायकांच्या दृष्टीने मोठा आहे आणि त्याबद्दल कोणी आधी सांगत नाही. तरणतलावात आणि घसरगुंड्यांवर पोहण्याचाच पोशाख लागतो, चेन-बटणांचे कपडे चालत नाहीत. समुद्रात तसं काही नाही. पंजाबी ड्रेसवर, गुडघ्यापर्यंत खोचलेल्या साडीवर, जशी असेल तशी बाई पाण्यात उतरते आणि कोणी वळूनही बघत नाही. अशा बेटांवर पोहायच्या भागातलं पाणी बऱ्याचदा उथळ आणि शांत असतं. माय कमरेपर्यंत गेली. नानांनी डोक्याला उपरणं गुंडाळलं आणि पाण्यातच मांडी घालून बसले. लाट आली की हलायचे, गेली की पुन्हा सावरून बसायचे.

लहान मुलांचं काय, हा प्रश्न मलाही होता. वॉटर पार्कवाल्या मोठ्या बेटांवर पासाबाहेरही बरंच काही असतं. कोकोकेला लहानांसाठी पाण्याची कारंजी आणि छोट्या घसरगुंड्यांचं जहाज फुकट आहे, शिवाय गोड्या पाण्याचा भलामोठा तलावही फुकट आहे. आठ वर्षांच्या आतल्या मुलांना तेवढं पुरतं, असं आमच्या लेकीवरून मी म्हणेन. फक्त डायपर वापरणारं बाळ तलावात घेत नाहीत, हे लक्षात असू द्या.

मोकळ्या किनाऱ्याची अडचण एकच, सावली. खुर्च्या फुकट असतात, छत्रीचं मात्र बेटागणिक वेगळं, कुठे फुकट तर कुठे भाड्याने. आपण जळगावच्या मे महिन्यातली माणसं, आपल्याला उन्हाचं काय, असं आमचे नाना म्हणाले होते. पण आपल्याकडे बारा ते चार कोणी शहाणा माणूस घराबाहेर पडत नाही, आणि बेटावरचे नेमके तेच तास आपल्या वाट्याला येतात. जहाज सकाळी आठच्या सुमारास लागतं आणि चार-पाचला परत बोलावतं. वारा असतो म्हणून ऊन जाणवत नाही, पांढरी वाळू मात्र खालूनही भाजते. म्हणून नऊच्या आत उतरून झाडाजवळची किंवा छत्रीखालची जागा धरा. पहिल्या किनाऱ्यावर सगळे थांबतात. बेटावर ने-आण करणारी गाडी फिरत असेल तर तिच्यात बसून पुढचा किनारा गाठा. कोकोकेला चिल आयलंड नावाच्या किनाऱ्यापेक्षा साउथ बीचला जरा निवांत असतं असं तिथे जाऊन आलेले सांगतात. सावली सरकते तशा खुर्च्या ओढाव्या लागतात आणि त्या हलक्या नसतात, एवढी मेहनत धरून चाला.

कबानाबद्दल थोडक्यात. तान्हं बाळ असेल, कोणाचं नुकतं ऑपरेशन झालं असेल किंवा घरात खरोखर कोणाला ऊन चालत नसेल तर कबाना घ्या, विचार करू नका. सावली दिवसभर तुमची, सामान ठेवायला जागा, पंखाही बहुतेक असतो. दोन कुटुंबं मिळून घेतलं तर खर्च जरा झेपतो. बाकीच्यांना, माझ्या मते, एका दिवसाच्या सावलीला तो फार होतो. आमच्या घरी त्या रकमेत सोनं किती येईल याचा हिशेब लगेच झाला होता, आणि जळगावच्या सोन्याच्या दराने तो झाल्यावर पुढे कोणी काही बोललं नाही.

जेवणाची काळजी दोन्हीकडे सारखीच. बेटावरचं साधं जेवण बहुधा तिकिटात धरलेलं असतं: बर्गर, टाको, सॅलड, फळं, बटाट्याच्या काचऱ्या. शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही, पण तिखटाविना जीव आंबतो. जहाजावर घरी केलेला डबा चढवू देत नाहीत, कारखान्यातलं बंद पाकीट चालतं. आपले केळीचे वेफर्स आणि लसणाच्या चटणीचं सीलबंद पाकीट जवळ असू द्या. आदल्या रात्री जहाजावरच्या मुख्य वाढप्याला शाकाहारी भारतीय जेवण सांगून ठेवलं तर बेटावरून परतल्यावर भात-वरण-भाजीसारखं काहीतरी मिळतं. दिवसभर पाण्यात राहून आलेल्या माणसाला ते फार गोड लागतं.

तराजू माझ्या बाजूने झुकलेला आहे, हे तुम्हाला दिसतच असेल. तरीही घरात फक्त नवरा-बायको आणि मोठी मुलं असतील, सगळे घसरणारे असतील, तर पास घ्या आणि सकाळी लवकर उतरा. तुम्हाला पस्तावा होणार नाही. आजी-आजोबा बरोबर असतील तर मात्र मी मोकळा किनाराच सांगेन. मोठी मुलं हट्टाला पेटली तर फक्त त्यांचे पास काढा, सोबत एक काका किंवा मामा द्या आणि जेवायच्या वेळी किनाऱ्यावर यायचं ठरवून ठेवा. बाकी सगळ्यांनी एकत्र पाण्याकाठी राहावं.

पास घ्यायचाच असेल तर जहाजावर चढण्याआधी ॲपवरून घ्या, बहुतेक वेळा स्वस्त पडतो. घेतल्यानंतरही दर बघत राहा. उतरला तर आधीचा रद्द करून नव्या दराने घेता येतो, फक्त रद्द करायची शेवटची मुदत त्या बुकिंगमध्ये काय लिहिली आहे ते वाचून ठेवा. 1 जून ते 30 नोव्हेंबर हा तिकडचा वादळांचा हंगाम. वाऱ्यामुळे जहाज बेटाला लागलंच नाही तर कंपनीकडून घेतलेल्या पासाचे पैसे परत येतात. ते बऱ्याचदा जहाजावरच्या खात्यात जमा होतात, म्हणून उतरण्याआधी शेवटच्या रात्री खात्याचा हिशेब एकदा नीट तपासा.