पार्किन्सन्स, टाळ आणि पावली: नृत्यवर्गाचे आठ महिने

माझे वडील, अण्णा, ७१ वर्षांचे. पार्किन्सन्सचं, म्हणजे हालचाली मंदावणाऱ्या मेंदूच्या आजाराचं, निदान होऊन सहा वर्षं झाली. नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका हॉलमध्ये अशा रुग्णांसाठी आठवड्यातून दोनदा नृत्याचा वर्ग भरतो, तिथे आम्ही आठ महिने जातोय.

आमचा खरा त्रास हाताच्या थरथरीचा नव्हता, उंबऱ्याचा होता. बाथरूमच्या दारात अण्णांचे पाय जमिनीला चिकटायचे. अंग पुढे जायचं, पाय जागेवरच. "अण्णा, चला ना" म्हटलं की आणखीच अडकायचे. गोळ्या वेळेवर देऊनही हे चालूच होतं.

वर्गातल्या ताई कथक शिकलेल्या. अण्णा भजनी मंडळात टाळ वाजवायचे आणि पौष वारीला त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांच्या दर्शनाला पायी जायचे, हे कळल्यावर त्यांनी अण्णांच्या हातात टाळच दिले आणि 'ज्ञानबा तुकाराम'चा गजर धरला. दोन फेऱ्या नुसतेच टाळ वाजले. तिसऱ्या फेरीला अण्णांचा उजवा पाय पुढे गेला, मागे आला, मग डावा. पावली! मी भिंतीला टेकून रडले.

ताईंनी नंतर कारण समजावलं. पाऊल आपोआप पडायला मेंदूच्या आतल्या बेसल गँग्लिया नावाच्या भागाचा इशारा लागतो, डोपामिन हे मेंदूतलं रसायन कमी झालं की तोच अडखळतो. बाहेरून ठेका मिळाला की मेंदू दुसऱ्या वाटेने पाय हलवतो. १९९६ साली मायकेल थॉट यांच्या गटाने रुग्णांना तीन आठवडे घरी तालावर चालायला लावलं, तर चालण्याचा वेग सरासरी २५ टक्क्यांनी वाढला होता.

म्हणून आम्हीही घरी सुरू केलं. अण्णांची पावलं मिनिटाला ८४ भरली, मोबाइलवरचा मेट्रोनोम, म्हणजे टकटक ठेका देणारं ॲप, ९० वर लावतो. उंबऱ्याच्या अलीकडे-पलीकडे पिवळ्या चिकटपट्ट्या लावल्यात. पट्टीकडे बघत, तोंडाने गजर म्हणत ते दार ओलांडतात. दहापैकी सात-आठ वेळा जमतं.

तिसऱ्या महिन्यात अण्णा वर्गातच पडले. झटकन वळायला सांगितलं गेलं होतं, आणि आमच्या माणसांना तेच अवघड. आता सगळे मोठा वळसा घेऊन वळतात, मागे एक माणूस उभा असतो. हॉल दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, हे मला अजूनही पटत नाही. शिवाय गोळीचा असर उतरलेला असेल तर वर्गाचा तास फुकट जातो. डॉक्टरांना विचारून आम्ही वेळ जुळवून घेतली.

गोळ्या कमी झालेल्या नाहीत. या आजारात अक्षर बारीक होत जातं, म्हणून वर्गात मोठ्या ब्रशने खांद्यापासून रेघा ओढायचा सरावही असतो, कागदावर रेघ छान मोठी येते, पण बँकेच्या फॉर्मवरची सही बारीकच राहिली.

यंदा यात्रेची गर्दी ओसरल्यावर अण्णांना गाडीने त्र्यंबकला नेलं. मंदिराच्या दारात पाय अडलेच. मी हात पुढे केला, तर म्हणाले, "थांब गं." ओठ हलू लागले, बोटांनी मांडीवर ठेका धरला आणि आत गेले.