तपकिरी दिसला की सी३एच समजू नका

प्रयोगाच्या उंदरांची (सी३एच ही त्यांचीच एक जात) ऑर्डर द्यायच्या आधी, विशेषतः नवीन पीएचडीवाल्यांनी, हे वाचावं.

आमचा विषय मेलाटोनिनचा, म्हणजे रात्री मेंदूत तयार होणाऱ्या हार्मोनचा. उजेड-अंधाराची वेळ अचानक बदलली तर शरीराचं घड्याळ नव्या वेळेला किती लवकर जुळतं, आणि त्यात मेलाटोनिनच्या एमटी१ व एमटी२ या रिसेप्टरांचा (पेशींवर मेलाटोनिन जिथे चिकटतं त्या प्रथिनांचा) वाटा किती, हे बघायचं होतं. दोन्ही रिसेप्टर मेंदूतल्या एससीएनमध्ये, म्हणजे मुख्य घड्याळातच असतात. २०१२ साली जर्मनीतल्या एका गटाने दाखवलं की दिवे लवकर लागायला लागले की एमटी२ नसलेले उंदीर नव्या वेळेवर यायला जास्त दिवस घेतात.

पण असं काम कुठल्याही उंदरावर होत नाही. लॅबोलॅबी दिसणारा काळा सी५७ जातीचा उंदीर मेलाटोनिन जवळपास बनवतच नाही. ते बनवणाऱ्या एन्झाइमांच्या जनुकांत बिघाड असतो. रिसेप्टर मात्र शाबूत. त्याला बाहेरून इंजेक्शन देता येतं, पण त्याच्या स्वतःच्या मेलाटोनिनचा परिणाम कसा मोजणार? त्यासाठी स्वतः मेलाटोनिन बनवणारा तपकिरी सी३एच लागतो. इथेच विकणाऱ्याला वाव मिळतो.

एका ब्रीडरने ‘शंभर टक्के शुद्ध सी३एच’ म्हणून उंदीर दिले. नोंदणी होती, हेल्थ सर्टिफिकेट होतं, भाव इतरांपेक्षा कमी. परचेस विभाग खूश. अर्धे पैसे आगाऊ घेतले. चाकांच्या पिंजऱ्यात घालून दिवे सहा तास आधी लावायला सुरुवात केली, तर चाकावर पळण्याच्या वेळांच्या आलेखात नुसता गोंधळ. काही उंदीर झपाट्याने सरकले, काही रेंगाळले. एकाच इनब्रेड स्ट्रेनच्या (म्हणजे जवळपास सारख्या जनुकांच्या शुद्ध जातीच्या) उंदरांत एवढा फरक पडायला नको. सर म्हणाले, टायमर तपासा. टायमर ठीक होता.

मग आमच्याकडेच दोन तपकिरी उंदरांच्या पोटी काळी पिल्लं निघाली. शुद्ध सी३एचच्या जोडीला काळं पिल्लू होत नाही. सी३एच आणि सी५७चा संकर केला तर पहिली पिढी सगळी तपकिरी दिसते, काळा रंग पुढच्या पिढीत वर येतो. म्हणजे हा माणूस संकर पैदा करून त्यातले तपकिरी निवडून विकत होता. फोन केला तर म्हणतो, “मॅडम, म्युटेशन असेल, हवेने पण होतं.” हवेने! पंधरा-वीस वर्षं धंद्यात असल्याचंही वर ऐकवलं.

शेवटी शेपटीचा तुकडा घेऊन पीसीआर, म्हणजे डीएनए तपासणी केली. सी३एचमध्ये आरडी१ हा डोळ्याच्या पडद्याचा बिघाड दोन्ही प्रतींत असतोच (तरी उजेडावर घड्याळ लागतं, कारण डोळ्यातल्या उजेड ओळखणाऱ्या मेलानॉप्सिनच्या पेशी काम करतात). आमच्यातल्या बऱ्याच उंदरांत एकच प्रत निघाली, काहींत एकही नाही. रिपोर्ट पाठवल्यावर त्याने फोन उचलणं बंद केलं. आगाऊ रक्कम अडकली ती अडकलीच.

नोंदणी म्हणजे प्राणी पाळायची परवानगी, स्ट्रेन शुद्ध असल्याचा दाखला तिच्यात नसतो. कॉलनी कुठून आली आणि शेवटची जनुकीय तपासणी कधी झाली, हे लेखी मागा. निम्मे पैसे तुमच्या पीसीआरनंतर देण्याची अट पीओवरच (खरेदीच्या ऑर्डरवरच) टाका. उंदीर आले की आधी शेपट्या तपासा, चाकावर नंतर चढवा. आणि “मॅडम, रंग बघा ना, तपकिरीच आहे” असं कुणी म्हणालं, तर तिथूनच परत फिरा.