पाचपैकी अडीच

माझे 2 लाख 80 हजार रुपये बुडाले, आणि त्याची सुरुवात एका आकड्यानं झाली. तो आकडा खरा होता, म्हणूनच जास्त चीड येते.

2023 चा मार्च महिना. मृग बहाराची संत्री व्यापाऱ्यानं नुकतीच तोडून नेली होती आणि बाबांच्या हातात पैसा होता. वरूड-मोर्शीकडच्या घरात पैसा कोणत्या महिन्यात असतो हे बियाणेवाल्याला कळतं, ट्रॅक्टरवाल्याला कळतं, आणि आता कन्सल्टन्सीवाल्यालाही कळतं. अमरावतीच्या एका हॉटेलात 'जर्मनीत मोफत शिक्षण' असा सेमिनार होता. मी मेकॅनिकलचा इंजिनिअर, सरासरी 70 टक्के, पास होऊन वर्ष झालेलं, घरी बसून. बाबा आणि मी एसटीनं गेलो.

फुकट शिक्षणाची गोष्ट खोटी नव्हती. जर्मनीतल्या सरकारी विद्यापीठांत 2014 पासून जवळपास कुठेच शिक्षण शुल्क नाही. सेमिस्टरला शंभर ते साडेतीनशे युरो अशी किरकोळ वर्गणी असते. अपवाद आहेत. बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात आपल्यासारख्यांना सेमिस्टरला 1,500 युरो भरावे लागतात. सेमिनारमध्ये हा अपवाद कोणी सांगितला नाही, पण ती काही मोठी लबाडी नव्हती. मोठी पुढे होती.

1 लाख 20 हजारांत 'पूर्ण पॅकेज' ठरलं : पाच विद्यापीठांत अर्ज, कागदपत्रं, व्हिसा. बाबांनी रोख मोजून दिले. पावतीवर लिहिलं होतं 'मार्गदर्शन शुल्क, परत मिळणार नाही'. मी ते वाचलं होतं, आणि वाचूनही खिशात ठेवलं.

अर्जासाठी नवा ईमेल लागतो, असं सांगून त्यांनी माझ्या नावानं एक ईमेल काढला आणि पासवर्ड स्वतःकडे ठेवला. "विद्यार्थी घाईत भलतंच काही पाठवतात ना काकाजी, म्हणून." बाबांनी मान हलवली. मी पण हलवली. जो कोणी तुमच्या नावाच्या ईमेलची किल्ली स्वतःकडे ठेवतो, त्याच्या ऑफिसातून तिथल्या तिथे उठून या. मी उठलो नाही.

जूनमध्ये बोलावणं आलं. कन्सल्टन्सीच्या सरांनी कॅल्क्युलेटर काढला. जर्मन पद्धतीत आपले गुण एका सूत्रानं बदलतात : पैकीच्या पैकी किती, पास व्हायला किती, तुम्हाला किती. आमच्याकडे 100, 40 आणि माझे 70. उत्तर आलं 2.5. सरांनी कागदावर 2.5 लिहिलं, त्याखाली रेघ मारली आणि रेघेखाली 5.

"बघा काकाजी. पाचपैकी अडीच."

बाबांचा चेहरा उतरला. मुलगा हुशार आहे म्हणून गावात सांगत फिरले होते बिचारे. सर हळुवारपणे म्हणाले, "सरकारीला कठीण आहे, पण आपण प्रयत्न करू. नाहीच झालं तर प्रायव्हेट आहे."

तिकडे 1 म्हणजे सर्वोत्तम, 4 म्हणजे जेमतेम पास, 5 म्हणजे नापास. 2.5 म्हणजे चांगले गुण. शिडी उलटी आहे, आणि आम्हाला ती सुलटी धरून दाखवली गेली. हे मला कळायला आणखी दोन महिने लागले.

ऑगस्टमध्ये पाच नकारपत्रं आली, पाच शहरांतल्या पाच विद्यापीठांची. त्याच संध्याकाळी फोन : बर्लिनच्या एका खासगी कॉलेजात जागा आहे, पण आजच्या आज अडकवायला 2 लाख हवेत. आंबिया बहाराच्या बागेवर व्यापाऱ्याकडून उचल घेऊन बाबांनी ते यूपीआयनं पाठवले, दोन दिवसांत, तुकड्या-तुकड्यांत. खातं कॉलेजचं नव्हतं, एका माणसाच्या नावाचं होतं. वार्षिक फी विचारली तेव्हा कळलं, 12 हजार युरोंच्या घरात. मोफत शिक्षण बघायला गेलेलो आम्ही! विद्यार्थी पाठवल्याबद्दल अशी खासगी कॉलेजं एजंटला कमिशन देतात. सरकारी विद्यापीठाकडून त्याला दमडी मिळत नाही. मग तो तुमचा अर्ज कुठे ढकलेल?

सगळं फुटलं ते ब्लॉक्ड अकाउंटवरून. व्हिसासाठी वर्षभराचा खर्च आधीच एका बंद खात्यात दाखवावा लागतो. तेव्हा तो 11,208 युरो होता, म्हणजे 10 लाख रुपये. (सप्टेंबर 2024 पासून 11,904 झाला.) सर म्हणाले, 80 हजार द्या, आम्ही महिनाभर आमचे पैसे टाकतो, व्हिसा झाला की काढून घेतो.

बाबा सातवी शिकलेले, पण आयुष्य इसार घेण्या-देण्यात गेलेलं. ते शांतपणे म्हणाले, "सर, पोट्टं तिकडं गेल्यावर पैसे तुमाले परत कसे भेटन?"

सर अडखळले. काहीतरी 'सिस्टिम आहे' म्हणाले.

परतताना बसमध्ये बाबा एवढंच बोलले, "ज्याले आपले पैसे परत कसे येतीन हे सांगता येत नाई, त्याचे पैसे नाईच."

त्या रात्री मी पहिल्यांदा स्वतः वाचायला बसलो. बंद खातं विद्यार्थ्याच्या नावावर असतं, आणि जर्मनीत पोचल्यावर त्यातून महिन्याला ठरलेलीच रक्कम निघते, तेव्हा 934 युरो. मधल्यामध्ये कोणी 'काढून घेणं' शक्यच नाही. म्हणजे आम्हाला जे मिळणार होतं ते खात्याचं बनावट प्रमाणपत्र. ते दूतावासात पकडलं गेलं असतं तर खोटे कागद दिल्याचा डाग माझ्या नावावर.

मग नकारपत्रं काढून बघितली. पाच वेगळी विद्यापीठं, पण फॉन्ट एक, वाक्यं एक, आणि माझ्या आडनावातली स्पेलिंगची चूकही पाचही पत्रांत तीच. काटोलकडचा एक भाऊ तिकडे शिकतो, त्याला फोन केला. त्यानं पहिला प्रश्न विचारला, "तुझं एपीएस झालं का बे?"

एपीएस म्हणजे आपली पदवी खरी आहे याचं प्रमाणपत्र. नोव्हेंबर 2022 पासून भारतातल्या विद्यार्थ्यांना ते बंधनकारक आहे, फी 18 हजार रुपये, यायला काही आठवडे लागतात. मी हा शब्दच पहिल्यांदा ऐकत होतो. ज्या संस्थेमार्फत बरीच विद्यापीठं अर्ज घेतात त्या युनी-असिस्टला मी स्वतःच्या जुन्या ईमेलवरून पत्र लिहिलं. उत्तर आलं : माझ्या नावानं एकही पूर्ण अर्ज नाही. नकार देणाऱ्यांनी मला कधी पाहिलंच नव्हतं.

ऑफिसात बाबा, सरपंच आणि दोन काका दिवसभर बसले तेव्हा 40 हजार परत मिळाले. बाकीचं 'शुल्क'. पोलिसांनी तक्रार घेतली, पण यूपीआयचे पैसे जाऊन तोवर बरेच दिवस झाले होते. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर त्याच दिवशी फोन केला असता तर ते खातं गोठवायला वाव होता, असं तिथल्या हवालदारानं सांगितलं. मला हा नंबर माहीत होता.

पुढच्या वर्षी सगळं स्वतः केलं. एपीएस 18 हजार. युनी-असिस्टला पहिल्या अर्जाचे 75 युरो, पुढच्या प्रत्येकाचे 30. कोर्स कुठला, भाषा कुठली, फी किती, हे डाड या जर्मन विद्यापीठांच्या संस्थेच्या वेबसाइटवर फुकट दिसतं. काही विद्यापीठं थेट अर्ज घेतात, तिथे तर तेही पैसे लागले नाहीत. दोन ठिकाणी खरा नकार आला, आणि खरा नकार कसा दिसतो ते बघून मला जवळजवळ आनंद झाला. तिसऱ्यानं घेतलं, त्याच अडीचवर. शेत तारण ठेवून बँकेचं कर्ज काढलं, ते वेगळं दुखणं आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये मी निघालो.

गेल्या महिन्यात बाबांचा फोन आला. वरूडच्या स्टँडसमोर नवा फ्लेक्स लागलाय. 'आमचे यशस्वी विद्यार्थी', त्याच कन्सल्टन्सीचा. वरच्या रांगेत तिसरा फोटो माझा. व्हॉट्सॲपच्या स्टेटसवरून उचललेला, स्वेटरच्या जागी कोट-टाय चिकटवलेला.

मी काही बोलायच्या आधी बाबांनीच विचारलं, "टाय कोनाची घातली बे?"