‘वायरची कटकट नाही’ म्हणून घेतलेले कॅमेरे

सावळजच्या बाजूला एका बेदाणा शेडवर चार सोलर बॅटरीचे कॅमेरे लागले होते. विकणाऱ्यानं सांगितलेलं असं: फोर-के चित्र, चोवीस तास रेकॉर्डिंग, वायर नको, लाईट नको, वर १२८ जीबीचं कार्ड फुकट. अठरा हजार रोख घेतले, पावती म्हणून एक साधी चिठ्ठी दिली. एका रात्री शेडमागच्या मोटारीची केबल कापून नेली. अ‍ॅपमध्ये त्या रात्रीच्या दोन क्लिपा निघाल्या. एकीत कुत्रं, दुसरीत दहा सेकंद कुणाची तरी पाठ आणि खांद्यावर केबलचं भेंडोळं. येताना कुणी दिसत नाही, चेहरा तर नाहीच.

कॅमेरे मात्र बिघडलेले नव्हते. ते जसे बनतात तसेच चालले होते. जे काम त्यांच्याच्यानं होणारच नाही, ते होतं म्हणून सांगून ते गळ्यात मारले होते, आणि सांगली-साताऱ्याकडच्या बऱ्याच व्यवहारांत फसवणूक होते ती इथंच.

बॅटरीचा कॅमेरा बहुतेक वेळ झोपलेला असतो. पुढं लावलेला पीआयआर सेन्सर अंगाची उष्णता हलताना पकडतो, मग कॅमेरा जागा होतो. जागं व्हायला सेकंद-दोन सेकंद जातात. तेवढ्यात माणूस फाटकातून आत आलेला असतो. त्यानंतर दहा-वीस सेकंदांची क्लिप होते आणि कॅमेरा परत झोपतो. काही मॉडेलांत पुढची क्लिप सुरू व्हायला अर्धा-एक मिनिटाचं अंतर ठेवलेलं असतं, म्हणजे त्या वेळात समोरून बैलगाडी गेली तरी नोंद नाही.

चोवीस तास रेकॉर्डिंग का होत नाही, याचा हिशोब तोंडी करता येतो. जागा असताना असा लहान कॅमेरा साधारण एक ते दीड वॅट खातो, फोर-जी असेल तर आणखी. सव्वा वॅट धरला तरी दिवसाचे ३० वॅट-अवर झाले. सोबत येणारं ३ वॅटचं पॅनेल चांगल्या उन्हात, गळती वजा जाता, दिवसाला नऊ-दहा वॅट-अवर देतं. म्हणजे खर्चाच्या एक तृतीयांश. हे आटपाडी-जतच्या कडक उन्हातलं गणित आहे. पाटण, जावळी, महाबळेश्वरच्या पट्ट्यात जून ते सप्टेंबर आभाळ हटत नाही, तिथं झोपलेल्या कॅमेऱ्याची बॅटरीसुद्धा बसते.

त्यात पॅनेलवरचा आकडाही खरा असेलच असं नाही. साधी पट्टी घ्या. पॅनेलच्या काळ्या भागाची लांबी आणि रुंदी सेंटिमीटरमध्ये मोजा, गुणाकार करा आणि ५० नं भागा. उत्तर येईल त्याहून जास्त वॅट त्या पॅनेलमधून निघत नाहीत. दहा बाय दहाच्या तुकड्यावर ‘६ वॅट’ छापलेलं असेल तर तिथं फार तर दोन वॅट आहेत.

बॅटरीचं तेच. आत १८६५० नावाचे सेल असतात, पेन्सिल सेलपेक्षा जाडजूड. खऱ्या सेलची क्षमता साडेतीन हजार एमएएचच्या आसपास संपते आणि वजन ४५ ते ५० ग्रॅम भरतं. बाजारात ‘९९०० एमएएच’ छापलेले सेल सर्रास मिळतात. त्या शेडवरच्या कॅमेऱ्याचं मागचं झाकण चार स्क्रू काढून उघडलं तर असेच दोन सेल निघाले, निळं प्लास्टिक, वर पांढऱ्या अक्षरांत ९९००. सोनाराच्या काट्यावर एक भरला ३१ ग्रॅम. विट्याच्या बाजूला तर असल्या काट्यांना तोटा नाही, तेव्हा ही तपासणी कुणालाही जमेल. सेल हातात घेतल्यावर पोकळ वाटला तर तो घेऊच नका. हलका सेल लवकर उतरतोच, शिवाय तापल्यावर धोक्याचा. पत्र्याच्या शेडवर, एप्रिलच्या उन्हात ४५ अंशांच्या वर लिथियम सेल चार्ज होणं चांगलं नाही, म्हणून कॅमेरा सावलीत आणि पॅनेल वेगळ्या वायरनं उन्हात, अशीच मांडणी पाहिजे.

उन्हाळ्याची आणखी एक खोड सांगायची राहते. पीआयआरला अंग आणि आजूबाजूची हवा-भिंत यांच्या तापमानातला फरक लागतो. एप्रिल-मेच्या दुपारी तापलेल्या भिंतीपुढं हा फरक उरतच नाही, मग एरवी सहा-सात मीटरवर पकडणारा कॅमेरा तीन मीटरवरही गप्प राहतो. काचेमागं लावला तर बाराही महिने गप्प. लावायचाच तर जमिनीपासून दोन ते अडीच मीटरवर आणि माणूस समोरून चालत न येता आडवा जाईल अशा कोनात लावा. आडव्या हालचालीला सेन्सर लवकर जागा होतो.

फुकटचं कार्ड हा या धंद्यातला हुकमी पत्ता आहे. आठ जीबीच्या कार्डाला आतून १२८ जीबी आहे असं खोटं सांगायला लावलेलं असतं. मोबाईलमध्ये घातलं तरी १२८ दिसतं. आठ भरले की पुढचं लिहिणं कुठंच जात नाही, किंवा मागचंच खराब करतं. नेमकं हवं त्या तारखेचं फूटेज उघडत नाही ते यामुळं. कॉम्प्युटरवर एच२टेस्टडब्ल्यू नावाचं फुकट सॉफ्टवेअर चालवा. ते कार्ड काठोकाठ भरतं आणि परत वाचून बघतं. काही तास लागतात, पण खरं-खोटं निश्चित कळतं. आधी कार्ड रिकामं करून घ्या.

मग बॅटरीचा कॅमेरा घ्यायचाच नाही का? तसं नाही. जिथं वीज पाळीनं येते अशा शेतीच्या फिडरवरच्या वस्तीला, मळ्यातल्या विहिरीला, दोन-चार महिन्यांसाठी उभ्या केलेल्या शेडला तो उपयोगी आहे. ‘कुणीतरी आलं’ हा निरोप मोबाईलवर मिळवण्यासाठी घ्या, पुराव्यासाठी नको. वीज नसताना खरंच चोवीस तासांचं रेकॉर्डिंग पाहिजे असेल तर पाच वॅटच्या कॅमेऱ्याला ६० वॅटचं पॅनेल आणि १२ व्होल्ट ३० एएचची लिथियम बॅटरी लागते. बॅटरीवर साधारण तीन ढगाळ दिवस निघतात. एवढं सगळं तळहाताएवढ्या डब्यात बसतं असं जो सांगेल त्याला चहा पाजून वाटेला लावा.

फोर-जीवाल्यात सिमचंही बघा. एक एमबीपीएसनं (सेकंदाला एक मेगाबिट) लाईव्ह बघितलं तर तासाला ४५० एमबी जातात. रोज दीड जीबीचा पॅक सव्वातीन तासांत खलास. काही कॅमेऱ्यांत आतच सिम बसवलेलं असतं आणि त्याचा रिचार्ज फक्त त्यांच्याच अ‍ॅपमधून होतो. असा कॅमेरा स्वस्त वाटतो तो पहिला महिनाच. क्लाऊडचंही तसंच: सुरुवातीची फुकट मुदत संपली की कार्ड नसलेल्या कॅमेऱ्यात मागचं काहीच राहत नाही.

वाय-फायचे कॅमेरे घेतानाही लोक गोंधळतात. चित्र हवेतून जातं, पण अ‍ॅडाप्टर भिंतीतच लावावा लागतो. लाईट गेली की कॅमेरा आणि राउटर दोन्ही बंद.

घर, दुकान, गोडाऊन अशा कायमच्या जागेला वायरचाच सेट बरा, हे आमचं स्पष्ट मत आहे. पण तिथंही लुबाडतात, आणि ते डब्यात नसतं, वायरीत असतं. तांब्याच्या भावानं सीसीए विकली जाते. सीसीए म्हणजे आत अ‍ॅल्युमिनियम, वरून तांब्याचा पातळ मुलामा. ३+१ वायर (चित्राची एक आणि पॉवर-आवाजाच्या तीन तारा) असो की नेटवर्कची कॅट-६, सोलून बघितली तर लालसरच दिसते. ब्लेडनं तार खरवडा. मुलामा निघून खाली चांदीसारखा पांढरा रंग आला तर ती सीसीए. तार दोन-चार वेळा मागं-पुढं वाकवली तरी पटकन तुटते. लायटरनं टोक तापवलं तर वितळून गळून पडतं, तांबं लायटरला दाद देत नाही.

फरक किती पडतो? २४ गेजच्या तांब्याच्या तारेला किलोमीटरला ८४ ओहम रोध असतो, सीसीएला १३० च्या घरात. कॅमेरा ४० मीटर लांब असेल तर जाऊन-येऊन ८० मीटर तार झाली. रात्री आयआर दिवे (अंधारात चित्र दिसावं म्हणूनचे) लागल्यावर कॅमेरा ०.४ अ‍ॅम्पिअर ओढतो असं धरा. तांब्यात २.७ व्होल्ट पडतात, कॅमेऱ्याला ९.३ मिळतात. सीसीएत ४.२ पडतात आणि पोचतात ७.८. बारा व्होल्टच्या कॅमेऱ्याचा त्यात निभाव लागत नाही. लक्षणं ठरलेली: दिवसभर चित्र स्वच्छ, अंधार पडला की आडव्या रेघा, चित्र जातं-येतं, कॅमेरा पुन्हा पुन्हा चालू होतो. फिटिंगवाला येतो दिवसा, बघतो, ‘चालतंय की’ म्हणतो आणि निघून जातो. पुढच्या खेपेला ‘कॅमेरा गेला’ म्हणून नवा विकतो. मल्टिमीटर असेल तर रात्री कॅमेऱ्याच्या डीसी पिनला व्होल्टेज मोजा. साडेदहाच्या खाली गेलं असेल तर आधी वायर आणि एसएमपीएस (कॅमेऱ्यांना बारा व्होल्ट पुरवणारा डबा) तपासा, कॅमेऱ्याचे पैसे द्यायची घाई करू नका. लांबच्या कॅमेऱ्याला तांब्याची जाड पॉवर वायर वेगळी टाकणं किंवा तिथंच जवळ अ‍ॅडाप्टर देणं हे खरे उपाय. पीओईचा (नेटवर्कच्या वायरीतूनच वीज घेणारा) आयपी कॅमेरा असेल तर ४८ व्होल्ट जातात, म्हणून तांब्याच्या कॅट-६ वर १०० मीटरपर्यंत अडचण येत नाही.

वायर मीटरवर लावतात तेव्हा बंडल बघून घ्या. ९० मीटर आणि ९० यार्ड यांत जवळजवळ आठ मीटरचा फरक आहे. कॅट-६ वर मीटरचे आकडे छापलेले असतात, शेवटच्या आकड्यातून पहिला वजा केला की वापर कळतो. एका कॅमेऱ्याला दोन बीएनसी (चित्राच्या वायरीच्या टोकांचे कनेक्टर) आणि एक डीसी पिन लागते. चार कॅमेऱ्यांच्या बिलात सोळा बीएनसी दिसल्या तर विचारा. साताऱ्याकडच्या पावसात जोड उघडा ठेवला तर एका मोसमात बीएनसी हिरवी पडते, म्हणून प्रत्येक कॅमेऱ्यामागं जंक्शन बॉक्स असलाच पाहिजे. वळवाच्या विजांत अर्थिंग नसलेल्या डीव्हीआरचे (रेकॉर्डिंग साठवणाऱ्या डब्याचे) पोर्ट जळतात, ते वॉरंटीत बसवून घेता घेता नाकी नऊ येतात.

डीव्हीआर उघडून घ्यायची लाज वाटून घेऊ नका. नवीन म्हणून जुनी हार्ड डिस्क घालायचा प्रकार चालतो, वर लेबल मात्र कोरं. मेनूत हार्ड डिस्कच्या पानावर एस.एम.ए.आर.टी. (डिस्कच्या तब्येतीची नोंद) असतं, त्यात ‘पॉवर ऑन अवर्स’ बघा. नव्या डिस्कला फार तर दोन आकडी तास असतील. तिथं वीस हजार दिसले तर ती डिस्क दोन वर्षांहून जास्त चालून आलेली आहे. सिरियल नंबर कंपनीच्या साईटवर टाकून वॉरंटीची तारीखही बघता येते. किती दिवस साठतं हेही आधी ठरवा: दोन मेगापिक्सेल, २ एमबीपीएसला एका कॅमेऱ्याचे दिवसाला २१.६ जीबी. चार कॅमेऱ्यांना एक टीबी साधारण अकरा दिवस पुरते. ‘महिनाभर राहतं’ असं सांगितलं असेल तर तीन टीबी लिहून घ्या. गती न कमी करता एका टीबीत महिना बसवून दाखव म्हणावं.

शेवटचे पैसे देण्याआधी एक गोष्ट हातात आलीच पाहिजे, ती म्हणजे अ‍ॅडमिन पासवर्ड. बरेच फिटिंगवाले यंत्रावरचा क्यूआर कोड स्वतःच्या मोबाईलच्या खात्यावर नोंदवतात आणि मालकाला नुसतं ‘शेअर’ देतात. नंतर मोबाईल बदलला तरी त्यांना बोलवा, त्यांचा व्हिजिट चार्ज द्या. वाकडं आलं तर ते तुमचं घर बघू शकतात आणि तुम्ही नाही. आधीच्या खात्यातून यंत्र सोडवल्याशिवाय ते दुसऱ्या खात्यात जात नाही. म्हणून क्यूआर आपल्याच मोबाईलवरून, आपल्याच ईमेलवर स्कॅन करून घ्या, अ‍ॅडमिनचा पासवर्ड समोर बसून बदला आणि उरलेले पैसे त्यानंतर द्या. सेकंडहँड कॅमेरा घेतानाही हेच बघा.

कोटेशन ‘चार कॅमेरे फिटिंगसह’ असं एका ओळीत देऊ देऊ नका. मॉडेल नंबर, मेगापिक्सेल, लेन्स, डिस्क किती टीबीची, एसएमपीएस किती अ‍ॅम्पिअरचा, वायर तांब्याची असं शब्दांत, मीटरचा दर, पाईप-केसिंग कुणाचं. ‘तांब्याची’ हा शब्द बिलावर लिहायला जो का-कू करतो, त्याच्याकडून वायर घेऊ नका.

खोक्यावर बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह आणि R पासून सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघा. केंद्र सरकारनं ९ एप्रिल २०२४ च्या अधिसूचनेनं सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षेच्या अटी घातल्या आणि त्या ९ एप्रिल २०२५ पासून लागू झाल्या. बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये तो क्रमांक टाकला की कंपनी आणि वस्तू दिसते. क्रमांक दुसऱ्याच वस्तूचा निघाला तर माल परत.

फसवणूक झालीच असेल तर पैसे कसे गेले त्यावर रस्ता ठरतो. ऑनलाईन जाहिरातीवर यूपीआयनं पैसे गेले आणि माल आलाच नाही, तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन करा. उशीर झाला की रक्कम अडवणं अवघड होतं. माल आला पण सांगितलेला नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार द्या. तिथं निभावलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. विकणारा पुण्या-दिल्लीचा असला तरी २०१९ च्या कायद्यानं तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दावा करता येतो, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. धंद्यासाठी घेतलेल्या मालावर समोरचा ‘हे ग्राहकच नाहीत’ असा मुद्दा काढतो, तेव्हा घरच्या कॅमेऱ्याचं बिल फर्मच्या नावानं करू नका. चिठ्ठीवरच्या व्यवहारातही यूपीआयची नोंद, व्हॉट्सअ‍ॅपवर दिलेलं कोटेशन आणि ‘चोवीस तास रेकॉर्डिंग’ असं लिहिलेला मेसेज कामाला येतो, तो चॅट पुसू नका. पार्सल उघडताना लेबलपासून सलग व्हिडिओ करा. खोकंही रद्दीत घालू नका, सिरियल नंबर आणि R क्रमांक बहुतेक वेळा त्याच्यावरच असतो.