राजवाड्याच्या आवारात की घरच्या ओटीवर?

जानेवारी जवळ आला की पुण्याहून भाच्याचा फोन ठरलेला. "मामा, यंदा थिबाला बसायचं की घरी रेकॉर्डी ऐकायच्या? रजा दोनच दिवसांची आहे." त्याला फोनवर जे सांगतो तेच इथे जरा सविस्तर लिहितो, कारण हा प्रश्न आता बरेच जण विचारतात. रत्नागिरीच्या आर्ट सर्कलचा, थिबा राजवाड्याच्या आवारात जानेवारीत तीन रात्री भरणारा शास्त्रीय संगीताचा महोत्सव तुम्हाला माहीत आहे आणि घरी बरे स्पीकर आहेत, असं धरून चालतो.

आधी राजवाड्याबद्दल. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८५ साली गादीवरून उतरवलं आणि पुढे रत्नागिरीला आणून ठेवलं. राजवाडा उभा राहिला १९१०ला आणि राजा १९१६ला इथेच वारला. मुलुख परत न बघितलेल्या माणसाच्या घरासमोर, उघड्या आभाळाखाली बसून पूरिया कल्याण राग ऐकताना माझ्या मनात हे दरवेळी येतं. सभागृहात असं काही होत नाही. जानेवारीतली थंडी आमच्याकडे शालीपुरतीच असते, तेवढी गाण्याला पोषक. खाऱ्या, ओलसर हवेत तबल्याचं चामडं सैल पडतं, मग तबलजी मधूनच हातोडी उचलतो, तंबोऱ्याच्या खुंट्या पुन्हा पिळल्या जातात. काहींना हा खोळंबा वाटतो. मला तो आवडतो. जुळत आलेल्या तंबोऱ्यात षड्ज, म्हणजे सा, एकदम भरून येतो तो क्षण रेकॉर्डमध्ये कधीच सापडत नाही, कारण तिथे जुळवाजुळव कापलेली असते.

आणि शेजारचा माणूस. समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, त्याचा आणि माझा हात एकाच वेळी मांडीवर पडतो, आम्ही एकमेकांकडे बघतो, नावही विचारत नाही. घरी ही सोय नाही.

घरचं सांगतो. आमचं घर पावस गावाच्या वाटेवर, ओटीला तिन्ही बाजूंनी माड. रेकॉर्डी आणि कॅसेटी मिळून दीड कपाट. कोकणात हा संग्रह सांभाळणं म्हणजे चार महिने पावसाशी झुंजणं. कव्हरांवर बुरशी धरते, कॅसेटच्या फितीवर पांढरी भुकटी येते. कपाटात आम्ही पावसाळाभर एक छोटा बल्ब जळता ठेवतो, तेवढ्या उबेवर बरंच वाचलं आहे. शिवाय ऐन गाण्यात लाईट जातात. हे सगळं खरं आहे आणि ज्यांना ही उस्तवार नको त्यांनी मोबाइलवरूनच ऐकावं, मी अडवणार नाही.

पण घरी एक गोष्ट मिळते ती महोत्सवात मिळणं कठीण, ती म्हणजे सकाळ. आपल्याकडचे खुले महोत्सव संध्याकाळी सुरू होतात, त्यामुळे वर्षानुवर्षं वाट्याला येतात ते संध्याकाळ-रात्रीचे राग, यमन, मारवा, पूरिया, बिहाग, फार तर केदार. ललत, तोडी, जौनपुरी हे सकाळचे राग समोर बसून ऐकल्याला मला कित्येक वर्षं झाली. घरी मात्र शनिवारी पहाटे, गडी माडावर चढायच्या आत, मी तोडी लावतो. चहा निवून जातो, कोणी हाक मारत नाही. रागाची वेळ पाळणारे श्रोते अजून आहेत आणि मी त्यांतलाच, म्हणून हा मुद्दा मला मोठा वाटतो. तुम्हाला वेळेचं तितकं नसेल, तर हा परिच्छेद सोडून द्या.

आता माझं मत ज्यामुळे एका बाजूला गेलं ते सांगतो. ही गोष्ट थिबाची नव्हे, किनाऱ्यावरच्याच दुसऱ्या एका गावातली, चारेक वर्षांपूर्वीची. गायिका मोठ्या तयारीची. सत्कार आणि भाषणं लांबली, गाणं पाऊण तास उशिरा सुरू झालं. तिने बागेश्री राग घेतला आणि हळूहळू, एकेका स्वराला थांबत, तो असा उभा केला की मैदानात कोणी हलत नव्हतं. पावणेदहाला विंगेतून एक चिठ्ठी आत गेली. तिने ती न उघडता मांडीखाली ठेवली, पण गाणं बदललं. अंतरा अर्ध्यावर सुटला, द्रुत, म्हणजे जलद लयीची, बंदिश दोन आवर्तनांत आटोपली आणि शेवटी गायच्या भैरवीच्या दोनच ओळी झाल्यावर तिने हात जोडले. दहाला एक मिनिट कमी होतं. लोक टाळ्या वाजवत उठले. मी बसून राहिलो. तो बागेश्री आजही माझ्या डोक्यात अर्धवट आहे.

नियमाशी माझं भांडण नाही. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावू देत नाहीत. वर्षातल्या मोजक्या दिवशी सरकार बारापर्यंत सूट देतं, तीही सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. गावात आजारी माणसं असतात, अभ्यासाची मुलं असतात, त्यांची झोप महत्त्वाची आहे. पण दरबारी, मालकंस हे राग ज्या वेळेचे, त्या वेळेला मैदान रिकामं झालेलं असतं. आणि बैठकीच्या अखेरची भैरवी, जिच्यासाठी मी लहानपणापासून शेवटपर्यंत बसायला शिकलो, तीच घड्याळाखाली सापडते.

यावर भाचा म्हणतो, "मामा, रेकॉर्डवर तरी वेळ कुठे असतो?" बरोबर आहे. जुन्या तबकडीवर तीन-साडेतीन मिनिटं, एलपीच्या एका बाजूला वीस-पंचवीस. पण तिथे गायकाला मर्यादा आधीच ठाऊक असते आणि तो तेवढ्यात बसेल असा राग मनात आखून गातो. केसरबाई केरकरांची भैरवी घ्या, 'जात कहाँ हो'. साडेतीन मिनिटं. केसरबाई गोव्यातल्या केरीच्या, म्हणजे आपल्याच किनाऱ्याच्या. त्यांची ही भैरवी १९७७ साली नासाच्या व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली आणि त्याच वर्षी सप्टेंबरात केसरबाई वारल्या. मी ती असंख्य वेळा ऐकली असेन. तिच्यात कुठेही घाई नाही, काही राहून गेलं असं वाटत नाही. घाईत आटोपलेली ती मैदानातली भैरवी आणि ही साडेतीन मिनिटांची, दोन्ही एकापाठोपाठ आठवून बघा, मला काय म्हणायचं आहे ते कळेल. किशोरीताई आमोणकरांचा 'सहेला रे'चा भूप आणि त्याच रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूचा बागेश्री, हेही तसेच. त्या बागेश्रीवरच मी माझा अर्धा राहिलेला बागेश्री अधूनमधून पुरा करून घेतो.

हा सगळा हिशेब ख्यालाच्या, म्हणजे शास्त्रीय, गाण्याचा. डबलबारी, म्हणजे भजनाचा सामना, असेल तर घरी बसू नका. दोन बुवा समोरासमोर, एकाने गजरात टाकलेला प्रश्न दुसऱ्याने तिथल्या तिथे उचलायचा, पखवाज तापलेला, झांजवाले उभे राहिलेले. दुसऱ्या दिवशी मोबाइलवर ते ऐकलं तर निम्मं मेलेलं असतं. दशावतार या आपल्या लोकनाट्याचंही तेच. नट संवाद उभ्या उभ्या रचतो, त्याच्या तोंडाकडे बघत पेटीवाला सूर धरतो. त्याचा अल्बम होत नाही.

तेव्हा ठरवायचं कसं? राजवाड्याच्या आवारात एकदाही बसला नसाल, तर यंदा जरूर या आणि तिन्ही रात्री बसा, माझं ऐकू नका. शास्त्रीय गाणं नुकतं ऐकू लागलेल्या मुलांनाही तिथेच न्यावं. गळ्याबरोबर हात कसा फिरतो हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पुढे रेकॉर्ड उमगत नाही, निदान मला उमगली नव्हती. पण चार-पाच महोत्सव झाले असतील, दोनच दिवस हाताशी असतील आणि राग पुरा ऐकायची भूक असेल, तर मी आपला घराकडे झुकेन. फोन कपाटात, दुपारी झोप, पहाटे तोडी.

भाच्याला यंदा सांगितलं आहे की शनिवारची एकच रात्र राजवाड्यात बसू. दहाला उठायचं, गाडीने तासाभरात घर. मग ओटीवरचा दिवा मालवून, शेजारी ऐकू जाणार नाही इतक्या बारीक आवाजात, मालकंस लावू. तो संपेपर्यंत बहुधा मध्यरात्र होईल. केसरबाईंची भैरवी त्यानंतर.