सिटी हायब्रिडचे मागचे ब्रेक पॅड: दोन ऑनलाइन सेट आणि नाना पेठेतलं एक दुकान

आधी गाडी सांगते. होंडा सिटी ई:एचईव्ही, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेली हायब्रिड, 2022 ची, 58 हजार किलोमीटर झालेली. त्यातले निम्मे तरी पुणे-चिपळूण, कारण आई तिकडे असते. जुलैत गेले की गाडी आठ-आठ दिवस अंगणात पावसात उभी.

मागून डावीकडून खरखर यायला लागली तेव्हा मला वाटलं खडा अडकला असेल. हायब्रिडचे पॅड लवकर झिजत नाहीत, असं मीच चार जणांना सांगत फिरले होते. ते खोटं नाही. ब्रेकवर पाय ठेवला की आधी मोटरच जनरेटर होऊन गाडीला आवरते आणि बॅटरी भरते. पॅड खरे कामाला लागतात ते जोरात ब्रेक मारला की, गाडी अगदी थांबत आली की, नाहीतर चिपळूणच्या वाटेवरचा कुंभार्ली घाट उतरताना बॅटरी भरून गेली की. (तेव्हा इंजिनही मध्येच ओरडायला लागतं. आई दर वेळी विचारते, "गाडीला काय झालं गं?") पण पॅडना काम कमी म्हणजे डिस्कवरचा गंज घासून निघत नाही आणि कॅलिपरच्या (पॅडना डिस्कवर दाबणाऱ्या चिमट्याच्या) पिना जाम होतात. माझंही तेच झालं. चाक काढलं तर बाहेरचा पॅड जवळजवळ नवा आणि आतला पत्र्यापर्यंत आलेला.

पहिला सेट ऑनलाइन मागवला. वर्णनात 'सिटी, 2020 नंतरची सर्व मॉडेल, मागील' असं स्वच्छ लिहिलेलं. खोका उघडला तर आत चार अर्धचंद्र. ब्रेक शू, म्हणजे ड्रम ब्रेकच्या आत बसतात ते! पेट्रोल सिटीला मागे ड्रम असतात, हायब्रिडला मागेही डिस्क आणि हँडब्रेक बटणावरचा. म्हणजे मागच्या चाकापुरत्या या दोन वेगळ्याच गाड्या आहेत. विक्रेत्याला हे माहीत नसेल तर त्याने 'सर्व मॉडेल' लिहू नये. एक तारा, तोही खोका मजबूत होता म्हणून.

दुसरा सेट दुसऱ्या विक्रेत्याकडून. या वेळी पॅडच आले, पण त्यांच्या पत्र्याचे कान ब्रॅकेटच्या, म्हणजे पॅड धरणाऱ्या चौकटीच्या, खाचेत जाईनात. जेमतेम मिलिमीटरभराचा फरक असेल. आमचा मेकॅनिक म्हणाला, "ताई, कानस मारून बसवतो, पाच मिनिटांचं काम." मी नको म्हटलं. जाम झालेल्या पिनेपायीच तर एवढं सगळं झालेलं, आणि आता त्या खाचेत अंदाजाने घासलेला पत्रा घालायचा? तो थोडा रुसला.

मग पुण्यातली नाना पेठ, गाड्यांच्या पार्टची दुकानं आहेत ती. दुकानाचं नाव देत नाही, बोळ अरुंद आणि दुकान त्याहून. काउंटरवरच्या काकांनी गाडीचं नाव ऐकून मान हलवली आणि म्हणाले, "नाव नको, आरसी दाखवा." चॅसी नंबरचे सतराही आकडे-अक्षरं त्यांनी मोठ्याने वाचून लिहून घेतली, कॉम्प्युटरवर पार्ट नंबर काढला, आणि माझा जुना पॅड हातात घेऊन चित्राशी ताडून पाहिला. माल दुकानात नव्हता. "परवा या" म्हणाले, आणि परवा खरंच आला. पॅडबरोबर नव्या क्लिपा आणि पिनांसाठी ग्रीसची पुडीही घ्यायला लावली. तेव्हा वाटलं, गळ्यात मारतायत. जुन्या क्लिपा निघाल्यावर त्यांचा रंग पाहून ते मत बदललं. पैसे ऑनलाइन सेटच्या जवळपास दुप्पट गेले.

निघताना काकांनी विचारलं, "बसवणाऱ्याकडे स्कॅनर आहे ना?" नव्हता. बटणाच्या हँडब्रेकला मागच्या कॅलिपरवर छोटी मोटर असते. आधी (साधारणपणे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या स्कॅनरने) तिला मागे घ्यावं लागतं, मगच पॅडला दाबणारा पिस्टन आत जातो. आमचा मेकॅनिक सी-क्लॅम्प (आवळायचा शिकंजा) घेऊन तयारच बसला होता. त्याने पिस्टन तसाच दाबला असता तर पॅडच्या जागी मला कॅलिपर घ्यावा लागला असता. काकांनीच एक गॅरेज सुचवलं. तिथे दीड तासात काम झालं, पिना साफ करून, ग्रीस लावून. खरखर बंद. घाटातही पाहून आले, गाडी सरळ थांबते.

दुकानाला पाचपैकी चार. एक कापला तो फोन न उचलण्याबद्दल, दोन दिवसांत अकरा वेळा केला होता. जायचं असेल तर आरसी आणि जुना पॅड बरोबर न्या, आणि गाडी घरी ठेवून रिक्षाने जा.

ब्रेक शूचा तो मजबूत खोका अजून माझ्या चप्पल-स्टँडवर आहे. परत न्यायला येणारा माणूस तिसऱ्यांदा 'आज येतो' म्हणालाय.