सँडीगेट : उतारावरचं मैदान (पाचपैकी साडेचार)

तीन सामने पाहून मग लिहितोय. एका भेटीत मैदानाला मार्क देऊ नयेत, हे मी पंच असताना शिकलो. पहिल्या दिवशी पाऊस असतो, दुसऱ्या दिवशी आपलं डोकं जाग्यावर नसतं, तिसऱ्या दिवशी मैदान खरं दिसतं.

लेक इंग्लंडमध्ये शेफिल्डला असते. जावयाने विचारलं, "बाबा, ब्रॅमल लेनचं तिकीट काढू?" म्हटलं, ते शहरातलं मोठं स्टेडियम, टीव्हीवर पाहता येईल. मला क्रॉसपूलला ने, हॅलम क्लबच्या सँडीगेट मैदानावर. क्रॉसपूल आज शहराचाच भाग आहे, पण 1860 साली हॅलम फुटबॉल क्लब निघाला तेव्हा इकडे शहराबाहेरचा गावरान डोंगरउतार होता. क्लबला आजही 'कंट्रीमेन' म्हणतात, म्हणजे आपल्या भाषेत गावकरी. शेजारचे शेफिल्ड क्लबवाले शहरातले, हॅलमवाले गावचे. सगळं वैर तिथूनच सुरू होतं.

आधी मैदानाचं वय सांगतो. सँडीगेटवर 1804 पासून क्रिकेट खेळलं जायचं. त्या साली आपल्याकडे यशवंतराव होळकर इंग्रजांशी लढत होते. फुटबॉलचे लिखित नियम करणारी इंग्लंडची असोसिएशन निघाली 1863 साली, म्हणजे जागा आधी आली आणि असोसिएशन 59 वर्षांनी. गिनीज बुकात जगातलं सर्वांत जुनं फुटबॉल मैदान म्हणून याच जागेची नोंद आहे. इथे 26 डिसेंबर 1860 रोजी हॅलम विरुद्ध शेफिल्ड असा सामना झाला. दोन वेगळ्या क्लबांमधला जगातला पहिला सामना तो हाच, असं मानतात. पाहुणे 2-0 ने जिंकले.

आता गंमत बघा. ते पाहुणे, शेफिल्ड एफसी, जगातला सर्वांत जुना फुटबॉल क्लब, स्थापना 1857. पण त्यांच्या नशिबी जागा बदलणंच आलं. 2001 साली ते पलीकडच्या डर्बीशरमध्ये, ड्रॉनफिल्डला गेले. म्हणजे थोरल्याच्या नावावर वय आणि धाकट्याच्या नावावर वाडा. माझ्या मते वाडा ज्याच्याकडे तो श्रीमंत, पण शेफिल्डवाल्यांसमोर हे बोलायची माझी छाती नाही.

मैदानाचं मुख्य वैशिष्ट्य म्हणजे उतार. फोटोत कळत नाही. मी कठड्याला टेकून उभा राहिलो आणि पहिली पाच मिनिटं वाटलं, आपलाच चष्मा तिरका बसलाय. वरून खाली मारलेला लांब पास आपोआप पुढे पळतो, विंगरला वाटतं आपण फार भारी मारला. खालून वर खेळणाऱ्या बॅकचा तोच पास निम्म्यात दम तोडतो. सपाट टर्फवर वाढलेली पोरं इथे सुरुवातीला चक्क हसतात, आणि विसाव्या मिनिटाला कंबरेवर हात ठेवून उभी असतात. मला कुणी असल्या मैदानाचा पाहणी अहवाल लिहायला सांगितला असता, तर एकेकाळी मी लाल शेरा मारला असता. आज मनापासून आवडलं. पायाखाली दोनशे वर्षांची जमीन असेल तर तिला रोलर फिरवून इतरांसारखी करायची कशाला?

आमच्या धंद्यातल्या लोकांना एक किस्सा सांगायलाच हवा. हेच दोन क्लब 29 डिसेंबर 1862 रोजी ब्रॅमल लेनवर भिडले. सामना धर्मादाय, लँकेशायरच्या बेकार गिरणी कामगारांच्या मदतीसाठी, आणि मैदानात हाणामारी! शेफिल्डचे मेजर क्रेसविक आणि हॅलमचा वॉटरफॉल एकमेकांच्या अंगावर गेले. तेव्हा लाल कार्ड नव्हतं. वॉटरफॉलला शिक्षा म्हणून गोल राखायला पाठवलं. गोलकीपर ही जागा शिक्षेची असल्याचं आमचे शाळेतले पोरगे अजूनही मानतात, त्याचं मूळ मला इथे सापडलं. सामना 0-0 सुटला.

आणि करंडक. 1867 साली थॉमस यूडन नावाच्या नाट्यगृहवाल्याने स्पर्धा भरवली, बारा क्लब उतरले, हॅलम जिंकले. इंग्लंडच्या असोसिएशनची स्पर्धा, म्हणजे एफए कप, त्यानंतर चार वर्षांनी आली. अंतिम सामन्यात गोल एकही नाही. निकाल लागला 'रूज'वर. शेफिल्डच्या तेव्हाच्या नियमांत गोलाच्या दोन्ही बाजूंना चार-चार यार्डांवर आणखी झेंडे असत. चेंडू त्या झेंड्यांमधून गेला आणि हल्ला करणाऱ्याने धावत जाऊन आधी टेकवला की एक रूज. गोल सारखे असतील तर रूज मोजायचे. आजच्या पेनल्टी शूटआउटपेक्षा मला हे जास्त न्यायाचं वाटतं. जवळून चुकलेल्या फटक्यालाही काही किंमत मिळायची. तो चांदीचा करंडक पुढे हरवला आणि 1997 मध्ये स्कॉटलंडच्या एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याकडून क्लबने तो दोन हजार पौंडांना परत घेतला. स्वतःचाच करंडक!

खेळाचा दर्जा? हॅलम खेळतो तो व्यावसायिक लीगांच्या बऱ्याच पायऱ्या खाली. नजाकत शोधायला येऊ नका. टॅकल खणखणीत, आवाज मोठे, आणि तुम्ही इतके जवळ उभे असता की कॅप्टनने लाइनमनला काय ऐकवलं ते शब्दन् शब्द कळतं. (मला कळलं. इथे लिहिता येणार नाही.)

अर्धा मार्क कापलाय तो वाऱ्याचा. टेकडीवरचं मैदान आहे, एप्रिलमध्येही कान झाकून जा. गुडघे दुखत असतील तर बसने या, शहरातून चालत यायचा चढ माझ्या वयाला झेपला नाही. सामना तीनला सुरू होत असेल तर अडीचलाच पोचा आणि टॉस चुकवू नका. तिसऱ्या सामन्यात टॉस जिंकलेल्या हॅलमच्या कॅप्टनने पहिल्या हाफला मुद्दाम चढाकडे तोंड घेतलं. जावई म्हणाला, "उलटं नाही का झालं?" मी काही बोललो नाही. सत्तराव्या मिनिटाला पाहुण्यांचा सेंटर बॅक चेंडू क्लिअर करायला गेला, आणि तो चेंडू उतारावरून परत त्याच्याच गोलाकडे घरंगळायला लागला. तेव्हा जावयाने माझ्याकडे पाहिलं.